लेक वरची, सून खालची

टीव्हीवर एखाद्या देशाचा राष्ट्राध्यक्ष दिसला की आमच्या घरात मी एकटाच हसतो. तो भल्यामोठ्या टेबलाशी बसलेला असतो, मागे कोट घातलेली माणसं हात बांधून उभी असतात आणि हा जाड पेनाने सही करतो. खाली पट्टी फिरते, अमुक विषयाला सर्वोच्च प्राधान्य. मग चर्चेला बसलेले विद्वान समजावू लागतात की सही झाली म्हणजे काम झालं असं नाही. संसद आहे, कोर्ट आहे, राज्यं आहेत, त्याच्याच पक्षातले रुसलेले लोक आहेत, त्या सगळ्यांची मनं वळवावी लागतात. बायको विचारते, यात हसण्यासारखं काय आहे? तिला काय सांगणार! हे सगळं मी विद्वानांच्या आधी शिकलोय, तेही आत्याला मोटरसायकलवर मागे बसवून.

माझी आत्या आमच्या पाणीवापर संस्थेची अध्यक्ष होती. पिंपळगावच्या हायवेपासून थोडं आत गेलं की आमची दोन गावं लागतात, एक वरचं, एक खालचं. कालव्यातून निघालेली चारी, म्हणजे शेताला पाणी देणारा छोटा पाट, आधी वरच्या गावातून जाते आणि खालच्या गावात संपते. दोन्हींच्या शिवेवर चारीत एक लोखंडी दार आहे. दार बंद असलं की पाणी वरच्यांचं, उघडलं की खालच्यांचं. सरकार संस्थेला पाणी देतं आणि कुणाला कधी द्यायचं ते संस्थेनं ठरवायचं. कागदावर फार सुंदर व्यवस्था आहे. प्रत्यक्षात ते दार बंद असायचं, आणि ते आमच्याच बांधाला लागून होतं.

आम्ही वरचे. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, वरच्यांचे पुढारी. आत्या त्यांची थोरली बहीण, दिलेली खालच्या गावात. संस्थेचा जुना अध्यक्ष गेला तेव्हा दोन्ही गावांचं घोडं अडलं. वरचा अध्यक्ष खालच्यांना चालेना, खालचा वरच्यांना. शेवटी कुणीतरी आत्याचं नाव सुचवलं. लेक वरची, सून खालची. आमच्या लोकांना वाटलं, रक्त आपलं आहे, आपलंच ऐकेल. खालच्यांना वाटलं, चूल आपल्याकडे आहे, जाईल कुठे? दोन्हींनी मनातल्या मनात टाळ्या दिल्या आणि आत्या बिनविरोध निवडून आली. दोन्हींचा हिशेब साफ चुकला, हे कळायला त्यांना वर्षही लागलं नाही.

मी तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात होतो, आजही आहे. सुट्टीच्या दिवशी गावी गेलो की आत्याचा फोन आलाच समजा. तिला गाडी येत नव्हती आणि मामांना, म्हणजे तिच्या यजमानांना, तिचं अध्यक्षपद डोळ्यांत खुपत होतं. याला कारणही होतं. पहिल्याच सभेत तिने जाहीर करून टाकलं होतं की अध्यक्षाच्या शेताला पाणी सगळ्यात शेवटी. शेत मामांचं आणि त्याग हिचा! त्यामुळे मामा तिला कुठेही सोडायला येत नसत. मग मी. तिकडे आप्पा मला म्हणायचे, "जा, जा. पेट्रोल आपलं नि प्रचार त्यांचा."

अध्यक्षाला काही अधिकार नसतात, हे मला पहिल्या दोन-तीन सुट्ट्यांतच कळलं. कमिटीत वरच्यांचे हात जास्त होते. पाटाचा कर्मचारी पाटबंधारे खात्यातल्या साहेबाचं ऐकायचा आणि साहेब वरून आलेल्या फोनचं. अध्यक्षाला खुर्ची मिळायची, तीही हलणारी. पण आत्याने त्या खुर्चीत बसून हळूहळू काय काय शोधून काढलं! सभा कुठे घ्यायची हे अध्यक्ष ठरवतो. पहिला विषय कोणता घ्यायचा, तेही तोच ठरवतो. आधी कुणाला बोलायला लावायचं, हे तर कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणजे तेही त्याच्याच हातात. आधी सभा वरच्या गावात, देवळाच्या सावलीत व्हायच्या. तिने त्या खालच्या टोकाला नेल्या, जिथे चारी संपते आणि बाभळीशिवाय काही नाही. चहा मात्र फक्कड असायचा. वरची मंडळी घाम पुसत, शिव्या घालत यायची आणि कोरड्या चारीच्या काठाने चालत यायची, कारण दुसरी वाटच नव्हती.

आणि सभेच्या आधी ती घरोघर जायची. हा भाग मला फार आवडायचा. द्राक्षांचा हंगाम असला तर रस्ताभर क्रेट भरलेले टेम्पो, धूळ, मागे आत्या एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा धरून बसलेली. कुणाच्याही घरी ती पाण्याचा विषय काढत नसे. म्हातारीचे गुडघे, सुनेचं बाळंतपण, पोराच्या नोकरीचं काय झालं, सगळं विचारून व्हायचं. निघताना उंबऱ्यात उभं राहून एकच वाक्य म्हणायची, "येताय ना सभेला? तुम्ही बोलल्याशिवाय मी काही ठरवत नसते." झालं! माणूस दोन दिवस ताठ मानेने फिरायचा. ग्रुपवर कुणी तावातावाने मेसेज टाकला तर उत्तर द्यायची नाही, त्याच्या घरी जाऊन बसायची. मी एकदा म्हटलं, "आत्या, फोनवर सांग ना, एवढी वणवण कशाला?" तर म्हणे, "अरे, फोनवर माणूस नाय म्हणू शकतो. समोर चहाचा कप धरून बसला का त्याला नाय म्हणाया लय जड जातं."

तिच्या डोक्यात एकच विषय होता. पाणी टोकापासून द्यायचं. आधी खालचं शेवटचं शेत, मग वर वर येत शेवटी आमचं. उन्हाळ्यात एकच पाणी, म्हणजे कालव्याची एकच पाळी, मिळतं आणि खालच्यांच्या वाट्याला तेही येत नव्हतं. बागा छाटून बसलेले लोक टँकर घालत. वरच्यांचं त्यावर ठरलेलं उत्तर होतं की दार उघडून उपयोग नाही, खाली पाणी पोहोचतच नाही, चारीला उतार नाही, मधेच जिरून वाया जातं. साहेबांनीही कधीतरी तसंच मत दिलं होतं. आत्या म्हणाली, एकदा उघडून बघू. ठराव मांडला. वरच्यांचे हात जास्त, ठराव पडला. त्या सभेत आप्पांचा हात सगळ्यात आधी वर गेला होता.

सभेनंतर आत्या आमच्या घरी आली. आईने चहा टाकला होता. आप्पा ओसरीवर उभेच होते. ते म्हणाले, "आक्का, हा विषय पुन्हा आणू नको. माझी बाग सुकवून तू मोठी होणार असशील, तर या घराचा उंबरा तुला बंद हाय. तू त्यांची अध्यक्ष, तिकडंच ऱ्हा." आई चहाचे कप घेऊन तिथेच थबकली. आत्याने चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि मला म्हणाली, "सोड मला."

चारीचं दार ओलांडून खालच्या शिवेत आलो तेव्हा मागून हुंदका ऐकू आला. मी गाडी थांबवली. ती रडत होती. आत्याला रडताना मी त्याआधी फक्त लग्नांत पाहिलं होतं, आणि लग्नातलं रडणं काय, ते तर रीतीचं. "अध्यक्षपद काय रे, चार दिवसांचं," ती म्हणाली. "ते गेलं तर गेलं. माहेर गेलं तर कुठून आणू?" मी म्हटलं, "मग सोड ना तो विषय." तिने डोळे पुसले. "आणि खाली तोंड कसं दाखवू? त्या बायकांच्या पंक्तीला बसते मी." इकडे आड, तिकडे विहीर. मला त्या दिवशी आप्पांचा असा राग आला, की रात्री मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, हा भाग वेगळा.

संक्रांत झाली. आत्याने जाहीर केलं की यंदा अध्यक्षबाईंचं हळदीकुंकू, दोन्ही गावांतल्या सगळ्या बायांना आमंत्रण, ठिकाण शेवटची चारी. पुरुष मंडळी हसली. बायकांचा कार्यक्रम आहे, होऊ दे. आमच्या गावात कुणालाही यात राजकारण दिसलं नाही, कारण हळदीकुंकवात राजकारण असतं हे आपल्याकडे फक्त बायकांना माहीत असतं. आत्याचा विचार उघड होता. वरच्या बायकांनी एकदा डोळ्यांनी कोरडी चारी बघावी. सभेत नवरे ऐकत नाहीत ना, मग घरी ऐकतील. लेकी बोले सुने लागे, पण इथे सुनेने बोलायचं आणि लागायचं दुसऱ्याच कुणाला.

तेव्हा रब्बीचं पाणी चालू होतं, अर्थात वरच्या गावातच. कार्यक्रमाच्या सकाळी मी क्रेटच्या टेम्पोत सतरंज्या टाकून आई आणि गल्लीतल्या बायकांना घेऊन निघालो. नऊवारी, पाचवारी, पंजाबी ड्रेस, पोरंबाळं, सगळा टेम्पो अत्तराने आणि तिळगुळाने घमघमत होता. खाली पोहोचलो तर वेगळाच गोंधळ. आत्याने सतरंज्या चारीच्या काठावर घातल्या नव्हत्या, थेट चारीच्या कोरड्या तळात घातल्या होत्या, वाण म्हणून वाटायच्या गाळण्यांच्या टोपल्याही तिथेच मांडल्या होत्या. आणि त्या सतरंज्यांखालून पाणी येत होतं.

आधी नुसती ओल, मग बोटभर, मग घोट्यापर्यंत. गाळण्या तरंगायला लागल्या. पोरं त्यांच्यामागे धावली. बायका किंचाळत उठल्या, निऱ्या सावरत काठावर चढल्या आणि मग कुणीतरी हसलं आणि सगळ्याच हसत सुटल्या. कुणीतरी वर दार उघडलं होतं. कार्यक्रमाचा विचका करायचा हा सरळ सरळ डाव होता. मी संतापून आत्याकडे बघितलं. ती कमरेवर हात ठेवून पाण्याकडे बघत उभी होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं त्याला मी तेव्हा धक्का समजलो.

खालच्या बायकांत काही अशा होत्या, ज्यांनी लग्न होऊन आल्यापासून त्या चारीत पाणी बघितलं नव्हतं. त्यांतली एक म्हातारी पुन्हा खाली उतरली. तिने कोयरीतली हळद बोटाला घेतली, पाण्याला लावली, मग कुंकू. मग दुसरी उतरली. बघता बघता सगळ्या उतरल्या, वरच्या, खालच्या, माझी आईसुद्धा. पाण्याची ओटी भरली. वाहत्या पाण्यात उभं राहून एकमेकींना कुंकू लावलं, तिळगूळ दिला. मी टेम्पोच्या टपावर बसून ते सगळं बघत होतो. आयुष्यात अनेक कार्यक्रम पाहिले, साहेबांचे, पुढाऱ्यांचे, मांडव घातलेले. त्या दिवसासारखा एकही नाही. आजही संक्रांतीनंतरचं पांढरं ऊन पडलं की मला त्या बायकांच्या भिजलेल्या साड्या दिसतात आणि जीव हळवा होतो.

परतताना टेम्पोत कुणीच भिजलेल्या साड्यांचं बोलत नव्हतं. एक जण म्हणाली, "आमचे हे तर म्हणत होते, पाणी जातच नाही." दुसरी म्हणाली, "आमचेही." आई पदर पिळत होती.

पुढच्या आठवड्यात सभा. विषय पहिला आणि एकच. आत्याने खालच्यांना बोलूच दिलं नाही. तिने वरच्या एकेकाला नाव घेऊन, आदराने विचारलं, "पाणी आलं होतं का हो टोकापर्यंत? तुमच्या घरच्या आल्या होत्या ना, काय म्हणाल्या?" आता काय म्हणणार? नाही म्हणावं तर घरी जेवायचं कुठे! एकेक जण मान खाली घालून म्हणत गेला, "आलं होतं म्हणं." आप्पांची पाळी आली. ते म्हणाले, "मला ठाऊक नाय." तिने त्यांना पुन्हा विचारलं नाही. मग हात वर करायला सांगितले. वरच्यांतले निम्मे हात वर गेले. उन्हाळ्याचं पाणी टोकापासून द्यायचं ठरलं. आप्पांचा हात मांडीवरच होता.

खालच्यांचं एवढ्याने समाधान होईना. त्यांच्यातला एक तावातावाने उठला. "दार कोणी उघडलं ते काढा. नियम हाय, परवानगीशिवाय दाराला हात लावला तर त्याचं वर्षाचं पाणी बंद. लागू करा नियम!" सगळे आमच्या बाजूला बघायला लागले. दार आमच्या बांधाला, सगळ्यांना माहीत. मी आप्पांच्या शेजारी उभा होतो. ते स्वतःच्या चपलांकडे बघत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

आत्या म्हणाली, "हा विषय आजच्या पत्रिकेवर नाय."

"मग ऐनवेळच्या विषयात घ्या."

"ऐनवेळचे विषय अध्यक्षाच्या परवानगीनं येतात," आत्या म्हणाली. "परवानगी नाय. सभा संपली, चहा घ्या."

खालचे भडकले. भावाला वाचवलं, पक्षपात केला, शेवटी लेक वरचीच, असं बरंच काही तिला ऐकवलं. मामाही घरी जाऊन तेच बोलले. वरच्यांच्या शिव्या तर होत्याच. म्हणजे इतका मोठा ठराव जिंकून आत्या त्या दिवशी दोन्ही गावांत एकटी पडली.

उन्हाळ्यात पाणी खालून वर आलं. खालच्या बागा हिरव्या राहिल्या. अध्यक्षाचं शेत मात्र, शब्द दिल्याप्रमाणे, आमच्याही नंतर भिजलं. आमच्या बागेला पाणी उशिरा मिळालं आणि काही ओळी हातच्या गेल्या. आप्पांनी बहिणीचं नाव टाकलं. पावसाळाभर घरात आत्याचा विषय निघाला नाही. राखी पोस्टाने आली, ती आईने देव्हाऱ्यात ठेवली.

आमच्याकडे भाऊबीजेला बहिणीला माहेरी आणायला माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. मिसरूड फुटल्यापासून आत्याचा मुराळी मीच. त्या वर्षी आप्पांनी मला जा म्हटलं नाही. मी सकाळपासून गाडी पुसत बसलो होतो. आईने करंज्यांचा डबा भरून ओट्यावर ठेवला होता, तो कुणी उचलेना. मला सातपूरला परत जायचं होतं, पण पाय निघत नव्हता. दुपार कलली आणि आप्पा टोपी घालून बाहेर आले. "गाडी काढ," म्हणाले. मागे बसले. डबा त्यांनीच मांडीवर घेतला.

आत्या तिच्या घरी ओट्यावर बसली होती. सकाळपासून जेवली नव्हती. आम्हाला बघून मामा लगेच पाट मांडायला आत गेले, हे त्यांचं मला फार बरं वाटलं. आत्याने भावाच्या पायांवर पाणी घातलं, पाटावर बसवलं, ओवाळलं. आप्पांनी ताटात ओवाळणी टाकली. नमस्काराला वाकले आणि वर उठेचनात.

"आक्का," ते तसेच म्हणाले, "दार मीच उघडलं होतं. तुझा कार्यक्रम मोडाया."

"ठाऊक हाय."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? सतरंज्या चारीत घालणार, हे मी फक्त तुझ्या बायकोला सांगितलं व्हतं. बाकी समद्यांना वाटलं, काठावर."

आप्पा सरळ झाले. मीही. आत्या निरांजन खाली ठेवत होती.

"म्हणजे तुला..."

"लहानपणी मी भातुकली मांडली का तू तांब्याभर पाणी आणून वतायचा," आत्या म्हणाली. "दर बारीला. मला वाटलं, अजून तसाच असशील."

मामा दारात उभे होते, त्यांनी तोंड फिरवलं. मी हसावं की रडावं, मला समजेना. आप्पांचा चेहरा आधी लाल झाला. आता हे उठतात आणि पुन्हा कधी येत नाहीत, असं मला वाटलं. पण ते बसून राहिले.

"मग सभेत का नाय घेतलंस नाव?" त्यांनी विचारलं. "नियम व्हता. खालचे मागत व्हते."

"तवा आईला तरी तुझं नाव कधी सांगितलं व्हतं का?"

आप्पांनी टोपी काढली आणि त्या टोपीनेच डोळे पुसले. पुष्कळ वेळ पुसत राहिले. आत्याने करंजी मोडून अर्धी त्यांच्या तोंडात घातली, अर्धी स्वतः खाल्ली, तो तिचा दिवसाचा पहिला घास. करंजी गिळून झाल्यावर आप्पांनी घसा खाकरला.

"पुढल्या सालचा ठराव घेशील ना, टोकापासून पाण्याचा," ते म्हणाले, "तेव्हा सूचक म्हणून माझं नाव लाव."